पाळणा आणि पॉलिशपेपर

बडोद्यातील आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक सागवानी पाळणा आहे. प्रत्येक बारशाच्या आधी त्यावर रंगाचा नवा हात द्यायचा, अशी घरची रीत. त्यामुळे कोठे टवका उडाला, की निळ्याखाली पिवळा आणि पिवळ्याखाली हिरवा, अशा तीन पिढ्या एकाखाली एक दिसतात. गेल्या वर्षी नातीच्या बारशाचे घाटू लागले, तेव्हा हे सारे थर उतरवून मूळचे लाकूड उजेडात आणावे, असे आमच्या मनाने घेतले. घासाईचे विजेचे यंत्र, म्हणजे सँडर, घरात नुकतेच आले होते. आणि नव्या हत्याराला काम हवेच असते!

पाच मिनिटांत ओसरीभर रंगीत धुरळा झाला. तोच सूनबाई आतून म्हणाली, "बाबा, बंद करा ते यंत्र. रंग जुना आहे, त्यात शिसे असेल."

तिचे म्हणणे खरे होते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या व तांबड्या छटांत, शिसे पुष्कळ असू शकते. भिंतीवर वा लाकडावर रंग घट्ट बसलेला असतो तोवर फारसे बिघडत नाही. पण यंत्राने कोरडा घासताच त्याचे पीठ होते, जमिनीवर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातावाटे तोंडात जाते. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानलेली नाही. म्हणून जुना, अज्ञात रंग यंत्राने कोरडा घासू नये, हा आमचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. आम्ही बाळबाळंतिणीला वरच्या मजल्यावर धाडले, केरसुणी न लावता ओल्या फडक्यांनी ओसरी पुनःपुन्हा पुसली, ती फडकी पिशवीत बांधून टाकून दिली, आणि अंगावरचे कपडे वेगळे धुतले.

मग सँडर वाया गेला का? मुळीच नाही. झोपाळ्याच्या बिनरंगी सागवानी फळीवर त्याने सुरेख काम केले. ते कसे, ते सांगतो.

प्रथम कागद. आपण ज्याला पॉलिशपेपर म्हणतो, त्यालाच येथले दुकानदार काचपेपर म्हणतात, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे तो रेगमाल होतो. नाव कोणतेही असो, पाठीवरचा आकडा पाहावा. आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. खडबडीत फळीला ८० नंबर, त्यानंतर १२०, आणि शेवटी १८० किंवा २२०. पॉलिशच्या दोन हातांमध्ये ३२० नंबर हातानेच हलका फिरवावा. मधली पायरी गाळू नये. ८० चे ओरखडे २२० ने निघत नाहीत आणि पॉलिश चढल्यावर ते अधिकच उठून दिसतात. प्लायवुडवरील सागाचा पापुद्रा फारच पातळ असतो. त्यावर जाड दाण्याचा कागद लावला, तर खालचे लाकूड उघडे पडते.

आता यंत्र. कागद बदलण्यापूर्वी नुसती कळ बंद करून भागत नाही, प्लग काढावा. फळी शिकंजात पक्की धरावी, वायर खांद्यावरून मागे सोडावी, पदर वा सैल बाह्या आवरून घ्याव्यात. यंत्रावर जोर देऊ नये. त्याचे वजन पुरेसे असते. दाबल्याने काम लवकर होत नाही, खळगे मात्र पडतात. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, सावकाश, एका जागी न रेंगाळता ते फिरवावे, आणि पूर्ण थांबल्यावाचून खाली ठेवू नये.

नाकातोंडाला रुमाल बांधून समाधान मानू नये. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नमूद केले आहे. सागाच्या धुळीने कित्येकांना खाज व शिंकाही येतात. एन-९५ जातीचा मास्क, डोळ्यांना चष्मा, यंत्राला धूळपिशवी आणि काम उघड्या अंगणात, एवढे पथ्य पाळावेच. जवसाच्या तेलाने फळी पुसल्यास ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

बारसे ठरल्या दिवशीच झाले. मिस्त्रींकडून साधा, बिनरंगी पाळणा करून घेतला, तो आम्ही स्वतः २२० नंबरने घासला, आणि नातीचे नाव त्यात ठेवले. जुना पाळणा माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला आहे. त्याच्यावरचे तीन पिढ्यांचे रंग तसेच राहू द्यावेत, असे आता आम्हांस वाटते.