सहावी-सातवीला गणित कोण शिकवतं?

मे सरत आला की बेळगावातल्या गल्ल्यांत एक ठरलेली चर्चा सुरू होते. पोराला सहावीला कुठं घालायचं? ज्यांच्या जवळची सरकारी शाळा पाचवीपर्यंतच आहे त्यांना शाळा बदलावीच लागते, आणि ज्यांची सातवीपर्यंत आहे तेही नेमके याच वेळी चलबिचल होतात. मग शाळांची तुलना होते. एकीला नवीन इमारत आहे, दुसरीला कुठल्याशा कंपनीनं कॉम्प्युटर दिलेत, तिसरीचा पट मोठा आहे, चौथीत ‘मुलंच नाहीत म्हणे’. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न मी क्वचितच ऐकलाय: तिथं सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, आणि कुठल्या भाषेत?

इंदूर, बडोदा, हैदराबादच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कर्नाटकात पाचवीपर्यंत कनिष्ठ प्राथमिक, सातवीपर्यंत (काही ठिकाणी आठवीपर्यंत) उच्च प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल. बेळगाव शहर विभागात एकाच गटशिक्षणाधिकारी कार्यालयाखाली मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या सरकारी शाळा चालतात. कार्यालय एक, नियम एक, पगाराची तिजोरी एक. माध्यम तेवढं वेगळं. तुलना करायला याहून सोयीची जागा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुठं मिळणार? तरीही आपल्या चळवळीनं ही तुलना नीट मांडलेली मला दिसत नाही.

चौथीपर्यंत एक चांगली बाई वर्ग निभावून नेतात. सहावीपासून बीजगणित येतं, विज्ञानाचं पुस्तक स्वतंत्र होतं, मराठी-कन्नड-इंग्रजी अशा तीन भाषांचं ओझं एकदम जाणवू लागतं. तिथं विषयाचा शिक्षक लागतो. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलंय: प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि ते असे की विज्ञान-गणिताला एक, समाजशास्त्राला एक, भाषांना एक तरी असेलच. दर ३५ मुलांमागे एक ही अट त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. म्हणजे समजा सहावी-सातवी मिळून ३० च मुलं आहेत. ३५ चा भागाकार करून ‘एक शिक्षक पुरे’ म्हणता येत नाही. पट कमी म्हणून शिक्षक नाही, हे उत्तर या टप्प्यावर कायद्यात बसतच नाही. पण पालकांच्या बैठकीत साहेबांनी ते दिलं की आपण मान डोलावून घरी येतो.

पटाचं गणित उलटं चालतं ते असं. गणिताचे सर निवृत्त होतात किंवा त्यांची बदली होते. जागा भरत नाही. अतिथी शिक्षक मिळतो, तोही शाळा सुरू झाल्यावर, वर्षापुरता. दोन वर्षं हे चाललं की ज्या घरांना परवडतं ती पोरं काढून घेतात. पट घसरतो. मग पट घसरला म्हणून उरलेल्यांतला एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि दुसरीकडे जातो. शेवटी कोणीतरी म्हणतं, मराठी माणसालाच मराठी शाळा नको झालीय. इंग्रजीची ओढ खरी आहे, ती मी नाकारत नाही. २०१९-२० पासून राज्यानंच १००० सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले, म्हणजे ही ओढ कन्नड घरांतही आहे. पण आधी काय झालं आणि नंतर काय, हा क्रम न बघता पालकांना दोष देणं सोपं पडतं.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी गेल्या वर्षी शहरातल्या काही सरकारी शाळांत जाऊन बसलो. नावं लिहीत नाही, शिक्षकांना त्रास नको. एका मराठी शाळेत मुख्याध्यापकच गणित घेत होते. शिकवत छान होते, पण तासाच्या मध्ये दोनदा फोन आला, एकदा अंड्यांचा हिशेब आणि एकदा मतदार यादीचं काम. दुसऱ्या शाळेत विज्ञानाच्या बाई कन्नड माध्यमात शिकलेल्या. पुस्तक मराठीत (कर्नाटकाचं पाठ्यपुस्तक मंडळ मराठीतही पुस्तकं छापतं), बाई वाक्य वाचायच्या, अडल्या की पहिल्या बाकावरची मुलगी शब्द सांगायची. बाईंना हसायचं काही कारण नाही. त्यांना जिथं पाठवलं तिथं त्या आल्या, आणि मनापासून प्रयत्न करत होत्या. तिसरी शाळा मात्र जुनी, कौलारू, पावसाळ्यात एका खोलीत बादली ठेवावी लागते अशी. तिथं तिन्ही विषयांना मराठीतून शिकलेले शिक्षक होते, आणि सातवीची मुलं फळ्यावर येऊन समीकरणं सोडवत होती. गल्लीतल्या चर्चेत ही शाळा शेवटच्या नंबरावर असते.

मग एका कन्नड शाळेत गेलो, आणि तिथंही गणिताची जागा रिकामी! अतिथी शिक्षकाची वाट बघणं तिथंही तसंच.

सीमाभागात काहीही झालं की आपण म्हणतो, मराठीवर अन्याय. बऱ्याचदा ते खरं असतं. पण मराठी शाळेतली जागा ‘मराठी’ म्हणून रिकामी आहे की ‘सरकारी’ म्हणून, हे एकट्या मराठी शाळेकडे बघून कळत नाही. शेजारची कन्नड आणि उर्दू शाळा सोबत मांडल्याशिवाय कळूच शकत नाही. तिन्हीकडे सारख्याच जागा रिकाम्या असतील तर ते गरिबांच्या शाळांचं दुर्लक्ष आहे, आणि त्या भांडणात कन्नड शाळेतले पालक आपल्या बाजूला उभे राहू शकतात. मराठी शाळांत प्रमाण ठळकपणे जास्त असेल, किंवा जागा भरलेली पण माणूस दुसऱ्या माध्यमाचा असेल, तर तो घटनेचा प्रश्न आहे. दोन आजारांना औषध वेगळं लागतं. हे वेगळं न करता निवेदन दिलं की अधिकारी ‘सगळीकडेच शिक्षक कमी आहेत’ म्हणून हात झटकतो, आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

घटनेचा प्रश्न म्हणजे काय? ३५०अ हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, राज्यपुनर्रचनेच्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात असं ते सांगतं. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक सूत्र ठरलं होतं: वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं एका भाषेची असतील तर त्या भाषेत शिकवणारा किमान एक शिक्षक द्यायचा. त्या सूत्राची भाषा बघा. त्यात इमारत नाही, पाटी नाही, शिक्षक आहे. आपण मात्र गेली कित्येक वर्षं पाट्यांवर भांडतोय. पाट्यांचं भांडण फालतू आहे असं मी म्हणणार नाही, स्वतःच्या गावात स्वतःची लिपी दिसणं ही साधी गोष्ट नाही. पण ‘सरकारी मराठी शाळा’ ही पाटी शाबूत आणि आत विज्ञान मराठीत नाही, असं झालं तर सरकारच्या यादीत शाळा मराठीच राहते आणि आपणही ती मराठीच मोजतो.

हीच फूटपट्टी महाराष्ट्रालाही लावायला हवी. सोलापुरात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, सांगलीच्या जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, आणि तिथं मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. बेळगावात जे चुकीचं ते जतमध्ये बरोबर कसं होईल? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो निकाली निघेपर्यंत आज सहावीत असलेली पोरं कुठल्या राज्यात राहतील ते माहीत आहे, त्यामुळे त्यांचं सातवीचं वर्ष निकालाची वाट बघू शकत नाही.

निकालांवरून शाळा जोखू म्हणाल तर सातवीला निकालच नाही. आजोबांच्या पिढीला सातवीची ‘मुलकी’ असे, आता दहावीपर्यंत बाहेरची परीक्षा नाही. दहावीच्या निकालाचे फ्लेक्स हायस्कुलांचे लागतात. सातवीपर्यंतचा पाया कोणी घातला आणि कोणी कच्चा ठेवला ते त्यात दिसत नाही.

म्हणून माहिती आपणच गोळा करावी लागेल. युडायसच्या संकेतस्थळावर कुठल्याही शाळेचं माध्यम, वर्गवार पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या बघता येतात, मोबाईलवर पाच मिनिटांचं काम. कुठल्या विषयाची जागा रिकामी आहे हे मात्र त्यावरून उमगत नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा त्यात सीमाप्रश्नाचा इतिहास लिहू नका. शहर विभागातल्या प्रत्येक सरकारी उच्च प्राथमिक शाळेसाठी एवढंच विचारा: माध्यम, सहावी-सातवीची विषयवार मंजूर पदं, भरलेली पदं, आणि त्या पदावरच्या शिक्षकानं कुठल्या माध्यमातून शिक्षण घेतलंय. तिन्ही माध्यमांच्या शाळा मागा, फक्त मराठी नको.

बेळगाव शहरासाठी आम्ही चौघं जूनच्या पहिल्या आठवड्यात असा अर्ज देतोय. खानापूर आणि निपाणीतून कोणी देणार असेल तर मजकूर हाच ठेवा, म्हणजे तक्ते शेजारी शेजारी लावता येतील. आणि ज्यांची मुलं आत्ता सहावीत जातायत त्यांनी उत्तराची वाट बघू नये. शाळा सुधारणा समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारा, गणिताला कोण आहे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.