गाय गाभडली तर बाजार नको, तपासणी हवी

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की आपल्याकडे आधी म्हणतात, कुणाची तरी नजर लागली किंवा कळपात ढुशी बसली. वार पडत नाही, दूध आटते. मग ती गाय गुपचूप पुढच्या बाजारात उभी केली जाते. खानापूरची गाय चंदगडला आणि चंदगडची बेळगावला अशी सहज जाते. सोबत रोगही जातो.

प्रत्येक गर्भपात एकाच रोगाने होतो असे नाही. लेप्टोस्पायरासारखे इतर जंतूही त्याला कारण असतात. पण गाभणकाळाच्या शेवटच्या तिमाहीत गाय गाभडली तर ब्रुसेलाचा संशय घेतलाच पाहिजे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी आढाव्यात सुमारे ५ टक्के गाईंमध्ये आणि ३ टक्के म्हशींमध्ये त्याच्या संसर्गाची लक्षणे रक्ततपासणीत आढळली होती. वीस गाईंमागे एक हे प्रमाण थोडे वाटेल. पण गायरान आणि पाणवठा साऱ्या गावाचा एकच असतो. पडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. तिथले गवत दुसऱ्या गाईने खाल्ले की रोग तिच्या पोटात गेला. बाधित गाय पुढे धडधाकट दिसली, वेळेवर व्याली, तरी जंतू तिच्या अंगातून जात नाहीत. गुरांसाठी यावर खात्रीचा उपचार नाही.

माणसालाही हा रोग होतो. उघड्या हातांनी वार काढणाऱ्याला आणि कच्चे दूध पिणाऱ्याला महिनोन् महिने चढउतार होणारा ताप येतो, सांधे धरतात. टायफॉइड समजून त्याच्यावर भलतेच उपचार होत राहतात.

उपाय मात्र आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच ही लस टोचण्याची तरतूद आहे. वय उलटले की संधी गेली. पण ही माहिती आपल्या माणसांना कोणत्या भाषेत मिळते? जिथे अल्पसंख्य भाषिक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ सालच्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले आहे. लसीकरणाची सूचना महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल? मराठी पत्रकाची मागणी प्रत्येक ग्रामसभेत लेखी झाली पाहिजे.

पत्रक येईपर्यंत आपण थांबू नये. गाभडलेली गाय वेगळी बांधा आणि पशुवैद्यांना बोलावून रक्त तपासून घ्या. गर्भ व वार हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा. कुत्र्यांपुढे टाकू नका. दूध उकळूनच प्या. आणि रोगी गाय शेजाऱ्याच्या दावणीला विकू नका. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, ती दावण आपल्याच माणसाची आहे.