बंद दारामागचे आजारपण

दिवाळी आली की आमच्या इमारतीत फराळाची ताटे फिरू लागतात. वर रुमाल, खाली चकल्या-करंज्या, आणि ताट रिकामे परत करायचे नाही ही जुनी रीत! काही वर्षांपूर्वी मात्र तिसऱ्या मजल्यावरचे एक दार उघडलेच नाही. ‘‘ठेवा तिथेच, भावजी,’’ एवढेच वहिनींचे शब्द आतून आले.

त्या घरातला मुलगा कॉलेजात जाणारा, हुशार. आधी त्याचे मित्र सुटले, मग झोप उडाली. पुढे त्याने खिडक्यांना कागद चिकटवले. समोरच्या गच्चीवरून कोणी आपल्यावर पाळत ठेवते, असे तो म्हणे. रात्री तो एकटाच कोणाला तरी उत्तरे देत असे, ते आम्हांला भिंतीपलीकडून ऐकू येई. कोणी म्हणाले अभ्यासाचा ताण, कोणी म्हणाले दृष्ट लागली. एका आजींनी तर ‘‘लग्न करून टाका, येईल ताळ्यावर’’ असा सल्लाही दिला! आणि मी? तो जिन्यात भेटला की मी नजर चुकवीत असे. मनोविकारतज्ज्ञाकडे तो पोचला तेव्हा वर्ष उलटून गेले होते.

नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय खरा वाटणे, अशा आजारांना सायकोसिस म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यांतलाच एक. त्याचा शेजाराशी संबंध काय, असे वाचक विचारतील. फॅरिस आणि डनहॅम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतील इस्पितळांच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या आणि १९३९ साली पुस्तक लिहिले. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मध्यभागी, भाड्याच्या खोल्यांत आज आलेली माणसे उद्या निघून जातात अशा वस्त्यांत, सर्वांत जास्त होते. बाहेरच्या स्थिर वस्त्यांकडे जावे तसे प्रमाण घटत होते.

यावर आक्षेप आला, की आजारी माणूसच घसरत घसरत अशा वस्तीत येत असेल. तेही काही अंशी खरे. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात असे दिसले, की बालपणाची जितकी अधिक वर्षे मोठ्या शहरात गेली तितका पुढे या आजाराचा धोका अधिक. अर्थात आनुवंशिकता आहे, इतर कारणेही आहेत. शहरात वाढलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. म्हणून आईबापांना दोष देऊ नये.

आजार होणे आपल्या हाती नसेल, पण उशीर टाळणे पुष्कळसे आहे. नॉर्वेच्या रोगालँड भागात १९९७ पासून वर्तमानपत्रे, रेडिओ आणि शाळा यांतून या आजाराची पहिली लक्षणे लोकांना सांगितली गेली, आणि कोणीही बोलावले तरी तपासायला जाणारी पथके नेमली गेली. त्या काळात निम्म्या रुग्णांचे उपचार पाच आठवड्यांच्या आत सुरू होत. मग प्रचार थांबला. पथके तीच होती, तरी पाचाचे पंधरा आठवडे झाले! उशीर जितका लांबतो तितके बरे होणे अवघड जाते, हे तर डॉक्टर सांगतातच.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिसच्या चार रुग्णांपैकी सुमारे तिघे उपचारांवाचून राहिलेले आढळले. शिकागोच्या खोल्यांत शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नव्हता. आमच्या इमारतीत सर्वांना सर्व ठाऊक होते, तरी कोणी बोलले नाही. एकीकडे परकेपणा, दुसरीकडे ‘लोक काय म्हणतील’. रुग्णाच्या वाट्याला दोन्हीकडे बंद दारच.

शेजाऱ्याने निदान करू नये, जिन्यात चर्चाही करू नये. घरच्यांना एकांतात गाठून, ‘‘त्याची झोप उडालेली दिसते. डॉक्टरांकडे मी बरोबर येऊ का?’’ एवढे विचारावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला देण्याची सोय आहे, तीही सांगावी.

तो मुलगा आता औषधे घेतो, नोकरीही करतो. शिक्षण मात्र सुटले ते सुटलेच. मागे वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भावजी, तुम्हां सर्वांना ऐकू येत होते ना? मग कोणीच का हो विचारले नाही?’’

मला उत्तर देता आले नाही. म्हणून सांगतो, या दिवाळीत एखादे दार उघडले नाही, तर ताट उंबऱ्यावर ठेवून परतू नका. थोडे थांबा.