खेळातील चीज आणि गोठ्यातील दूध

‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ साली निघालेला शेतीचा संगणक-खेळ केवळ करमणूक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्यात गायीचे साधे दूध १२५ नाण्यांस विकले जाते. त्याचे चीज केल्यास २३०, आणि तेच तळघरातील लाकडी पिंपात १४ दिवस मुरविल्यास ४६० मिळतात. (तळघरासाठी घर वाढविण्यास मात्र आधी एक लाख नाणी मोजावी लागतात!) प्रक्रियेने मोल वाढते, हे खरेच. परंतु तेथे दूध नासत नाही, आणि कितीही चीज विकले तरी भाव उतरत नाही. आपल्याकडे दोन्ही घडते, व कर्ज शेतकऱ्याच्या माथी राहते. ग्रामसेवक बंधूंनी प्रथम दूध थंड राखण्याची सोय व ठरलेले गिऱ्हाईक पाहावे. यंत्राची गोष्ट त्यानंतर काढावी.