डाग नव्हे, नोंद पाहा

ग्लायडरच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर नखाएवढा टवका उडाला, तर तो बुजवावा की तसाच ठेवावा? प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण आमच्या घरात दिवाळीपासून याच प्रश्नावर शिरूर विरुद्ध दौंड असा सामना चालू आहे. फोनवर वाद घालून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

नात ग्लायडिंग शिकते. तिने पाठवलेल्या फोटोत ग्लायडरच्या नाकाजवळ एक वेगळ्या छटेचा ठिपका होता. आमच्या दौंडच्या दाजींनी फोटो मोठा करून पाहिला आणि निकाल दिला, "ठिगळाच्या विमानात पोरीला बसवू नका." दाजींची काळजी मला समजते. नात त्यांचीही आहे. पण मला वाटतं, ते चुकीच्या गोष्टीला भीत आहेत.

मी मराठीचा मास्तर. फायबरशी माझा संबंध गच्चीवरच्या टाकीपुरता. तरी नातीला खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं, आणि जे कळलं ते सांगतो.

पूर्वी ग्लायडर लाकडाचे असत, वर कापड ताणलेलं. आपल्या देशातही असे ग्लायडर तयार झाले आणि त्यांना नावं दिली नक्षत्रांची! 'अश्विनी' १९५८ साली उडालं, 'रोहिणी' १९६१ साली. (शेतकऱ्याच्या रोहिणीला पाऊस लागतो, या रोहिणीला ऊन.) त्या कापडाला भोक पडलं की वर तुकडा चिकटवत, आणि तो सगळ्यांना दिसे. मग फायबर आलं. जर्मनीत १९५७ साली 'फिनिक्स' हे पहिलं फायबरचं ग्लायडर उडालं, आणि आज जगभर शिकाऊ मुलं प्रामुख्याने फायबरच्याच ग्लायडरमध्ये बसतात.

या फायबरवरची गुळगुळीत पांढरी साय म्हणजे जेलकोट. गंमत अशी, की आपण घर बांधून झाल्यावर रंग देतो, इथे रंग आधी! साच्यात पहिल्यांदा जेलकोट फवारायचा, मग आतून काचतंतूंचं कापड आणि राळ. साच्यातून बाहेर काढलं की पहिला थर सर्वांत वर. तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. भार पेलतं ते आतलं कापड. जेलकोट ऊन-पाण्यापासून राखण करतो आणि हवा सुरळीत वाहू देतो. आणि तो पांढरा असतो तो हौसेपोटी नव्हे. राळ तापली की मऊ पडते, म्हणून ऊन परतवणारा रंग हवा. दौंडच्या मे महिन्यात काळ्या मोटारीच्या टपाला हात लावून पाहा, म्हणजे पटेल. तेव्हा "टवक्यावर निळं फूल काढा" ही आमच्या धाकट्या सूनबाईंची सूचना बाद. :-)

आता टवका. तो नुसता वरचा आहे की घाव आत गेलाय, हे आधी ठरवायचं. चांदणीसारख्या भेगा पसरल्यात का, खालचं कापड पांढुरकं पडलंय का, हे बघायचं आणि नाण्याने हलकेच वाजवायचं. आवाज खणखणीत असला तर बरं. बद्द वाजलं तर आतले थर सुटल्याची शंका घ्यायची आणि ग्लायडर जमिनीवर ठेवून परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवायचं. दाजी, तुम्ही जन्मभर रेल्वेत काढलीत. स्टेशनात गाडी थांबली की हातोडीने चाकं वाजवत जाणारा माणूस तुम्हाला मी सांगायला हवा का?

आवाज चांगला आला, तरच दुरुस्ती. मेण पुसून काढायचं, भेगेच्या कडा उतरत्या घासायच्या, भोवती चिकटपट्टी लावायची. जेलकोटमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात हार्डनर मिसळून, गॅरेजवाले लांबी भरतात तसं किंचित उंच भरायचं. हवा लागली तर वरचा पापुद्रा चिकट राहतो, म्हणून प्लास्टिकचा पातळ कागद झाकायचा. वाळल्यावर ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासायचं, चारशे, सहाशे, हजार असं बारीक बारीक करत, आणि शेवटी पॉलिश.

खरी परीक्षा घासण्यात आहे. ठिपका अजिबात दिसू नये या हट्टाने घासत बसलात, तर शेजारचा चांगला जेलकोट झिजतो आणि पेपर खालच्या कापडापर्यंत पोचतो. म्हणजे दिसण्यासाठी केलेली डागडुजी बळालाच खाते. शेपटीच्या किंवा पंखाच्या हलत्या पट्ट्यांवर तर चमचाभर लांबीही जपून. त्यांचा तोल वजनाच्या हिशेबावर असतो, आणि तो बिघडला तर वेगात पट्टी फडफडू लागते. ते जिवावरचं काम.

म्हणून माझं मत असं. पंखाच्या पुढच्या भागावरचा टवका जरूर नीट सपाट करावा, कारण तिथे उंचवट्याने हवा विस्कटते आणि ग्लायडर लवकर खाली येतं. एरवी भेग बंद करून पाणी आत जाणार नाही एवढं पाहावं, आणि ठिपका थोडा दिसला तर दिसू द्यावा. मात्र दुरुस्ती कुणी, कधी, कुठे केली, हे वहीत लिहिलेलंच पाहिजे.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आम्ही खाडाखोड कशी करत होतो? चुकलेलं एका रेघेने कापायचं, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही. मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर लावलेलं पान कितीही स्वच्छ दिसो, तपासणीला आलेले साहेब नेमकं तिथेच बोट ठेवत. ग्लायडरचंही तेच. लाकडी ग्लायडरवरचं ठिगळ स्वतःच बोलायचं, जेलकोटची चांगली दुरुस्ती मात्र मुकी असते. तिच्या वतीने वहीने बोलायचं.

माझं ऐकून नातीने वही पाहिली. त्या ठिपक्याची नोंद आहे, तारीख आहे, सही आहे. तेव्हा दाजी, ज्या ग्लायडरवर एकही डाग नाही आणि वहीही कोरी आहे, त्याची मला जास्त भीती वाटते. पोरगी उडेल. तुम्ही फक्त तिला चाक वाजवून ऐकायला शिकवा, ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला येतंय?