नको असलेल्या युद्धाचा सेनापती

जपानी भाषेत ‘इसोरोकु’ म्हणजे छप्पन्न. १८८४ साली नागाओका येथे हा मुलगा जन्मला तेव्हा वडिलांचे वय ५६ होते. तेच त्याचे नाव झाले. पुढे दत्तक गेल्यावर तो इसोरोकु यामामोतो झाला.

१९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. नंतर ते हार्वर्ड विद्यापीठात शिकले, वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत राहिले. अमेरिकेचे तेल आणि कारखाने त्यांनी जवळून पाहिले. म्हणूनच त्या देशाशी युद्ध नको, असे ते सांगत राहिले. जर्मनीशी कराराला विरोध केला म्हणून त्यांना ठार मारण्याच्या धमक्याही आल्या.

तरीही युद्धाची चिन्हे दिसू लागताच पर्ल हार्बरवरील हल्ल्याची योजना मांडली ती यामामोतोंनीच. ७ डिसेंबर १९४१ रोजी २,४०० हून अधिक अमेरिकन ठार झाले. सहाच महिन्यांनी मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. १८ एप्रिल १९४३ रोजी, दौऱ्याचा गुप्त संदेश उलगडून अमेरिकनांनी त्यांचे विमान बोगनव्हिल बेटावर पाडले.

संकट ज्याने आधी ओळखले, त्यानेच ते देशावर ओढवून घेतले.