नाथांची अर्जदस्त आणि आमचा कोयता

नेकनूर हे कीर्तनाचे गाव. बंकटस्वामींच्या परंपरेमुळे वारकरी संप्रदाय येथे घराघरांत रुजलेला आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची आवराआवर सुरू होण्यापूर्वी या गावी एक कीर्तन ऐकण्याचा योग आला. निरूपणाला एकनाथ महाराजांचे ‘अर्जदस्त’ हे भारूड होते. परगणा म्हणजे देह, देशमुख म्हणजे मन, नाईकवाडी म्हणजे क्रोध, अशी एकेका प्रतीकाची फोड करीत बुवांनी शेवटी निष्कर्ष काढला की, आपला शत्रू आपल्या आतच आहे, बाहेर कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परतताना सोबतचा तरुण कार्यकर्ता संतापून म्हणाला, “सर, हीच ती अफू. समोर बसलेला माणूस मुकादमाच्या उचलीत बुडालेला, आणि त्याला सांगायचे की तुझा शत्रू तुझ्या मनात आहे!”

त्याचा संताप खोटा नव्हता. तथापि बुवा आणि हा कार्यकर्ता एकाच चुकीचे दोन भागीदार आहेत, असे मला वाटले. दोघेही प्रतीकाला केवळ वेष्टन समजतात. एक वेष्टन फेकून आतला अध्यात्माचा गर वाटतो. दुसरा त्या गराला विष म्हणून वेष्टनासकट सगळेच फेकतो. देशमुखाकडे, नाईकवाड्याकडे, त्या अर्जाच्या कागदाकडे मात्र दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

आपण तो कागद पाहू. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठणला, एकनाथ (१५३३–१५९९) राहिले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी. गुरूंच्या घरी हिशेबाचे काम करताना एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती घडली असो वा नसो, दफ्तराची भाषा नाथांना आतून माहीत होती, याचा पुरावा त्यांची भारुडेच देतात. विंचू, जोगवा, भुत्या ही भारुडे सर्वांना ठाऊक असतात; पण अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी या सरकारी कागदांच्या घाटाची भारुडेही नाथांनी रचली, याकडे क्वचितच लक्ष जाते. त्यांत फारसी दफ्तरी शब्दांची रेलचेल आहे. ‘अर्जदस्ती’त शरीराबाद नावाचा परगणा आहे, मन हा देशमुख आहे, ममताई देशपांडीण आहे, क्रोधाजी नाईकवाडी आहे, दंभ आणि काम हे शेटे-महाजन आहेत. वार्धक्य हुजुरातून आलेल्या अंमलदारासारखे येते आणि देहाची एकेक ठाणी पडू लागतात.

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटते. हा मध्ययुगीन महसुली यंत्रणेचा जवळजवळ पूर्ण तक्ता आहे. परगण्याचा वसूल देशमुखाच्या हाती, त्याचे दफ्तर देशपांड्याकडे, पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे आणि नाईकवाडी हा शस्त्रधारी शिपाई. रयतेच्या कष्टाचे पीक ज्या हातांतून वर जात असे, नेमके तेच हात नाथांनी दंभ, काम, क्रोध आणि ममता यांना दिले. विकारांची रूपके करण्यासाठी त्यांना वनातील श्वापदे घेता आली असती. अन्यत्र ती त्यांनी घेतलीही आहेत. येथे त्यांनी वतनदार घेतले. श्रोत्याला क्रोध म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत असेल, पण दारात उभा राहिलेला नाईकवाडी समजावून सांगावा लागत नव्हता. अज्ञात गोष्ट ज्ञात गोष्टीने सांगावयाची हा रूपकाचा नियम. तेव्हा त्या श्रोत्याला अधिक ज्ञात काय होते, हे भारूडच आपल्याला सांगते.

‘अभयपत्र’ही असेच वाचावे. वसुलीचा जाच असह्य झाला म्हणजे रयत गाव सोडून परागंदा होत असे. शेतकऱ्याच्या हाती तेवढेच एक शस्त्र होते. जमीन पडीक राहिली तर सरकारचाच वसूल बुडे. म्हणून परतणाऱ्यांना कौल देत, अभय देत, साऱ्यात सूट देत. मुक्तीचे चित्र अभयपत्राच्या रूपात रंगवावेसे वाटले, यातच त्या काळच्या भयाची खोली दिसते. ज्याला भय ठाऊक नाही, त्याला अभयाचे प्रतीक कळणार नाही.

याचा अर्थ एकनाथ समाजवादी होते असा मात्र कोणी काढू नये. असा मोह आपल्या बाजूच्या अभ्यासकांना पुष्कळदा होतो आणि मग प्रत्येक कमळात लाल निशाण दिसू लागते. ‘अर्जदस्त’ सत्तेविरुद्ध बंड पुकारीत नाही. ती अखेर वरिष्ठ धन्यापुढे केलेली विनंतीच आहे. बाहेरच्या जुलमाची रूपे तिने आत वळविली, आणि सुटकेचा मार्ग व्यवस्था बदलण्यात नव्हे, तर भक्तीत दाखविला. ही तिची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. प्रतीक काही गोष्टी उघड करते, तसेच काही झाकतेही.

संतवाङ्मयाच्या अर्थाविषयीचा वाद जुनाच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात संतांना राष्ट्रजागृतीचे श्रेय दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलट, समाज निवृत्त व दुर्बळ केल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला. गं. बा. सरदारांनी १९५० मध्ये ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ लिहून या वाङ्मयाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा एकत्र विचार कसा करावा, हे दाखवून दिले. अफूचा दाखला देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, १८४४ मधील त्याच परिच्छेदात मार्क्सने धर्माला पीडितांचा उसासा आणि दुःखाविरुद्धचा निषेध असेही म्हटले आहे. आपण अर्धेच वाक्य पाठ केले.

आता आपल्या गावाकडे येऊ. निजामी राजवटीत येथील माणसाने देशमुख आणि जहागीरदार प्रत्यक्ष भोगले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. नाथांच्या भारुडातील बहुतेक पदे इतिहासजमा झाली. परंतु परागंदा होणे थांबले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. मुकादम उचल देतो, ती अंगावर फेडावयाची; खाडा पडला तर पैसे कापले जातात; हंगामाअखेर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. आणि या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला काय म्हणतात? ‘एक कोयता.’ एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’.

हे कोणा कवीने रचलेले प्रतीक नव्हे, हिशेबाच्या वहीने घडविलेले आहे. नाथांनी विकाराला माणसाचे नाव दिले. आपल्या काळाने माणसाला हत्याराचे नाव दिले. ज्या बाईचे श्रम त्या अर्ध्या भागात मोजले जातात, तिचे नावही बहुधा त्या वहीत नसते. उचल नवऱ्याच्या नावावर असते. प्रतीकांचा अर्थ लावण्याची विद्या आपण खरोखरच शिकलो असू, तर तिचा पहिला उपयोग या शब्दावर करावयास हवा.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. कीर्तनातून उठून जाऊ नका. कीर्तनाच्या फडाकडे आपण पाठ फिरविली, म्हणून नाथांचा अर्थ सांगण्याचे काम दुसऱ्यांच्या हाती गेले. ‘अर्जदस्त’ हाती घ्या, तोडणीला निघण्यापूर्वी वस्तीवर बसून ती वाचा आणि तीनच प्रश्न विचारा : हे प्रतीक कोणाच्या जगण्यातून आले? ते कोणाला चटकन कळले असेल? त्याने काय झाकले? मग शेवटी असेही विचारा की, आज हा अर्ज लिहावयाचा झाला तर देशमुखाच्या जागी कोण येईल. उत्तर आपण सांगू नये. समोर बसलेल्यांना ते आपल्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. आपण कागद आणि लेखणी घेऊन जावे.